टाकी हवी की टँकर?

धायरीत आमचा पाण्याच्या टाक्या धुण्याचा धंदा आहे. दीर आणि तीन पोरं टाकीत उतरतात. फोन, हिशेब आणि गूगलवरची जाहिरात माझ्याकडे. आधी ती एक एजन्सी बघायची, गेल्या मार्चपासून मी स्वतः बघते. रोजचं बजेट ४०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी.

एप्रिलमध्ये क्लिक वाढले, दुपारी दोनलाच बजेट संपायला लागलं, आणि कामं मात्र घटली. मला वाटलं, बोली, म्हणजे एका क्लिकला आपण जास्तीत जास्त किती रुपये देऊ तो आकडा, कमी पडतेय. 'वॉटर टँक क्लीनिंग'ची बोली २२ वरून ३५ वर नेली. आता पैसे सकाळी अकरालाच संपू लागले. दीर म्हणाले, "वहिनी, फोन तर दिवसभर वाजतोय, मग काम का नाही?" मी फोनची वही उघडली. निम्म्याहून जास्त लोकांना टँकर हवा होता.

वाघोली, उंड्रीकडच्या सोसायट्यांचा उन्हाळा टँकरवर निघतो, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. माझे सगळे कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसावी म्हणून मी निवडलेले शब्द, 'ब्रॉड मॅच'वर होते. म्हणजे शब्द हुबेहूब जुळायलाच हवा असं नाही, जवळचा वाटला तरी जाहिरात दिसते. बोली वाढवून मी त्या चुकीच्या लोकांनाच जास्त पैसे देऊन बोलावत होते. याचं मला फार वाईट वाटलं, कारण तो पैसा टाकीत उतरणाऱ्यांच्या घामाचा होता.

त्या रात्री 'सर्च टर्म्स रिपोर्ट' पहिल्यांदा नीट वाचला. लोकांनी खरोखर काय टाइप केलं, ते त्यात दिसतं. सगळं दिसत नाही, फार थोड्यांनी शोधलेले शब्द गाळलेले असतात, पण माझ्यासाठी तेवढंच खूप होतं. टँकरचा भाव, हजार लिटरच्या टाकीची किंमत, टाकी घासायचा ब्रश, टाकी सफाईची नोकरी. हे सगळे शब्द 'निगेटिव्ह'मध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत टाकले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: निगेटिव्ह शब्दाचं अनेकवचन आपोआप धरलं जात नाही. त्यामुळे टँकर रोमनमध्ये, देवनागरीत, एकवचनात, अनेकवचनात असा प्रत्येक वेळी वेगळा लिहिला. मग मुख्य कीवर्ड अवतरणचिन्हांत घालून 'फ्रेज मॅच' केले, म्हणजे शोधात त्या शब्दांचा अर्थ असेल तरच जाहिरात दिसते, आणि 'पाण्याची टाकी साफ करणारे' हाही जोडला.

लोकेशनच्या सेटिंगमध्ये पुण्यात असलेल्यांसोबत पुण्याविषयी शोधणारेही धरलेले होते. तेही बदललं.

बोलीला पुन्हा हात लावला तो यानंतर. बोली ही फक्त वरची मर्यादा. प्रत्यक्षात खालच्या जाहिरातीच्या वर राहायला लागेल तेवढंच कापलं जातं. आणि जागा नुसत्या पैशावर मिळत नाही, जाहिरात आणि तिच्यामागचं पान शोधणाऱ्याच्या कामाचं आहे का, हेही मोजलं जातं. आमचं पान सोफा, किचन, टाकी असं सगळं एकत्र दाखवायचं. टाकीसाठी वेगळं पान केलं: वर फोन नंबर, खाली लिटरप्रमाणे दर. काही आठवड्यांत 'क्वालिटी स्कोअर', म्हणजे या उपयुक्ततेला गूगल देतं ते गुण, दहापैकी ४ वरून ७ झाला. बोली २५ वर आणली तरी जाहिरात वरच राहिली. सोसायटीचे सेक्रेटरी बहुतेक सकाळी दहा ते एकमध्ये फोन करतात, म्हणून त्या वेळेला २० टक्के जास्त ठेवली.

आता दर सोमवारी रात्री तो रिपोर्ट वाचते. मागच्या आठवड्यात त्यात 'टाकी सफाई प्रमाणपत्र सोसायटी' दिसलं. दिरांना विचारलं, तर म्हणाले, "हो, बरेच जण मागतात, आपण देत नाही." आता काम झालं की तारीख, टाकीची क्षमता आणि सही असलेला कागद देतो. त्या शब्दांचा वेगळा गट केलाय, बोली १८ रुपये.