अक्षता कुणावर पडतात?

रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ साली एका काल्पनिक यंत्राविषयी लिहिले. मेंदूला तारा जोडून टाकीत पडून राहिले की हवे ते आयुष्य तंतोतंत अनुभवास येते, आणि आपण यंत्रात आहोत याचे भानही राहत नाही. अशा यंत्रात जन्मभरासाठी जाल का, असा त्यांचा प्रश्न होता. बहुतेक जण नकार देतील आणि माणसाला अनुभवापलीकडचेही काही हवे असते हे त्यातून दिसेल, असे त्यांचे म्हणणे. निष्कर्ष मला पटतो, पण तिथवर जाण्याची ही वाट कच्ची वाटते. तत्त्वज्ञ फेलिपे दे ब्रिगार्ड यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रश्न उलटा करून विचारला: तुमचे आजवरचे आयुष्य यंत्रातलेच होते असे कळले, तर बाहेर याल का? सुमारे निम्म्या लोकांनी आहे तिथेच राहणे पसंत केले. तेव्हा मूळ नकारात सत्याची ओढ किती आणि बसलेली घडी न मोडण्याची सवय किती, हे ठरवणे अवघड आहे.

सोलापूरकराला याहून वेगळी अडचण दिसावी. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या गड्डा यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्याशी विवाह व्हावा अशी इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची संमती दिली, अशी कथा आहे. दरवर्षी तोच विवाह प्रतीकरूपाने पुन्हा लावला जातो. काटेकोरपणे पाहिले तर ही नक्कल आहे, आणि तीही प्रतीकाची, कारण मुळातच वराच्या जागी दंड होता. तरीही सोहळा खोटा आहे असे इथे कुणी म्हणणार नाही. बाराबंदी घातलेले भक्त नंदीध्वज म्हणजे उंच, जड काठ्या खरोखर पेलतात, त्यासाठी आधी सराव करतात, तोल जाऊ लागला तर शेजारचे हात पुढे येतात, आणि अक्षता टाकणारे हजारो लोक एकमेकांच्या साक्षीने तिथे उभे असतात. मूळ प्रसंगाशी हुबेहूबपणा फारसा नसूनही मोल टिकून आहे.

आता हाच सोहळा डोळ्यांवर चढवायच्या उपकरणात हुबेहूब उभा केला, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर आणि गर्दीचा रेटा यांसह, तर संवेदनेच्या हिशेबाने काहीच उणे राहणार नाही. मात्र शेजारी कुणी नसेल, आणि मी पाठ फिरवली तरी कुणाच्या भारात तसूभर फरक पडणार नाही. मला उणीव वाटते ती इथे.

यावरून प्रतिकृती नेहमीच हलकी ठरते असे मात्र नाही. फ्रान्समधील लास्को गुहेतली प्राचीन चित्रे प्रेक्षकांच्या वावराने बिघडू लागली म्हणून ती गुहा १९६३ साली बंद झाली आणि १९८३ साली जवळच तिची प्रतिकृती खुली झाली. घोड्यांच्या आणि बैलांच्या रेषा न्याहाळायच्या असतील तर तिथे जाणेच शहाणपणाचे. चादरीचेही तसेच आहे. दुसरीकडे विणलेली चादर धाग्यान् धागा सोलापुरीसारखी असेल तर ऊब तेवढीच मिळेल, फक्त तिच्यावर ‘सोलापुरी’ लिहून विकले की सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराची मजुरी जाते. (भौगोलिक मानांकन त्यासाठीच घ्यावे लागले.) ऊब वापरणाऱ्यापुरती असते, मजुरीत दुसरा माणूस असतो.

तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी २०२२ साली आभासी जगही खरेच असते अशी बाजू मांडली, आणि त्यांचा एक मुद्दा मी मान्य करतो: त्या जगात दुसरी माणसे खरोखर येत असतील, त्यांना नकार देता येत असेल, दुखावता येत असेल, तर त्याला नक्कल म्हणण्याचा माझा आग्रह उरत नाही. परगावी नोकरीला असलेली मुले घरच्यांशी फोनच्या पडद्यावर बोलतात ते बोलणे खरेच असते. माझा आक्षेप नोझिकच्या टाकीला आहे, कारण तिथे जमलेली सगळी गर्दी माझ्या सुखासाठी रचलेली असते आणि मी टाकलेल्या अक्षता कुणाच्याही डोक्यावर पडत नाहीत.