घोघा ते वेरावळ : होडी बांधायची जागा आणि तिचा खर्च

वासद, तारापूर, वटामण, पिपळी, धोलेरा करत भावनगर गाठलं की घोघा अगदी जवळ. होडी घ्यायची हौस असलेले बडोदेकर आधी विचारतात, ‘महिन्याचं भाडं किती?’ घोघ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला उभं राहिलं की पहिला प्रश्न आपोआप बदलतो : सुकतीला होडीखाली पाणी राहतं का?

खंभातच्या आखातात या भागात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी सहा-सव्वासहा तासांत चढतं नि उतरतं, त्यातही मधल्या दोन तासांत ताशी अडीच मीटर. धक्क्याला बांधलेल्या होडीचे दोर अशा ठिकाणी फरकाच्या किमान तिप्पट, म्हणजे तीस-तीस मीटर लागतात. आखूड ठेवले तर ओहोटीला होडी दोरांना लटकते, खुंटा उपटतो किंवा डेकवरची क्लीट, म्हणजे दोर गुंडाळायची खुंटी, फळीसकट निघते. लांब ठेवले तर भरतीला ढिले पडून होडी धक्क्यापासून दूर सरकते. त्यामुळे कोणीतरी पाळीवर राहून दोर सोडत-ओढत बसावं लागतं, आणि त्याचा पगार हाच खरा मोठा खर्च.

बोयाला, म्हणजे तळाशी साखळीने जखडलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधायची म्हटली तरी हिशेब सुटत नाही. भरतीला चौदा मीटर पाणी असेल तर साखळी तिप्पट, बेचाळीस मीटर. ओहोटीला तिथे चारच मीटर उरतं आणि तीच साखळी जवळजवळ आडवी पसरते. दहा मीटरची होडी मग बावन्न मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते. एवढी मोकळी जागा एका होडीला कोण देणार? भावनगरला बंदरात लॉकगेट बांधलं ते यासाठीच : भरतीचं पाणी आत कोंडायचं. सोय उत्तम, पण ये-जा भरतीच्या वेळेला बांधलेली. ती वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून बेत घड्याळापेक्षा तिथी बघून आखावा. अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी; पौर्णिमा-अमावास्येला उधाण. गाळ हा वेगळा ताप. आखातापलीकडच्या दहेजहून घोघ्याला येणारी रो-रो (गाड्यांसकट नेणारी) फेरी 2017 साली सुरू झाली आणि दहेजच्या बाजूला पुरेशी खोली न राहिल्याने बंद पडली. पुढे हजिऱ्याहून सुरू केली.

अलंग वाटेतच लागतं. तिथे याच उधाणाचा उपयोग करून भंगारातली जहाजं सरळ किनाऱ्यावर चढवतात. आमच्या मते या किनाऱ्याशी कायम जमवून घेतलेला धंदा तेवढा एकच. पुढे महुवा, उना, मग कोडीनार. हा तालुका पूर्वी बडोदा संस्थानाच्या अमरेली प्रांतात होता.

वेरावळला भरती-ओहोटीतला फरक दीड-दोन मीटरवर येतो आणि सगळं सोपं वाटू लागतं. इथे अडचण जागेची. ट्रॉलर, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या यांत्रिक होड्या, एकमेकांना खेटून रांगेत लावलेले असतात. धक्क्याजवळच्याला निघायचं तर बाहेरच्या सगळ्यांना हलवावं लागतं. पुढचा-मागचा दोर शेजाऱ्याच्या होडीवर भागवू नका, स्वतःचे धक्क्यापर्यंत न्या. त्याखेरीज दोन तिरके दोर हवेतच, नाहीतर लाटेबरोबर होडी पुढेमागे घासत राहते. नायलॉनचा दोर ताणला जातो, झटका पचवतो. पॉलिप्रॉपिलिन स्वस्त नि तरंगतं, पण उन्हात वर्षभरात पिठूळ होतं. दोर जिथे कडेवर घासतो तिथे जुन्या फायर होजचा हातभर तुकडा सरकवून दोन्ही टोकांना सुतळीने बांधायचा. होडी धक्क्यावर आपटू नये म्हणून टायर लावताना त्यातली तार बाहेर आलेली नाही ना, हे हात फिरवून बघा. फायबरच्या अंगावर ती नांगरासारखी रेघ ओढते.

भाड्याचं म्हणाल तर दर होडीच्या एकूण लांबीवर किंवा टनेजवर लागतो. लांबीत मागे लटकणारं आउटबोर्ड इंजिनही धरतात का, ते विचारून घ्या. बोयाची जागा धक्क्यापेक्षा स्वस्त, पण रोज किनाऱ्यावर यायला छोटी होडी लागते. पाणी, वीज, राखणदार, क्रेन यांचं वेगळं. व्यापारी बंदरात गुजरात मेरिटाइम बोर्डाचं दरपत्रक मागा. कोचीच्या बोळगाट्टी मरीनात, म्हणजे हौशी होड्यांच्या बंदरात, होडी पाण्याबरोबर वरखाली होणाऱ्या तराफ्याला लावतात, पाणी-वीज शेजारीच असते. तराफाच पाण्याबरोबर चढतो-उतरतो, म्हणून दोर सोडत-ओढत बसावं लागत नाही.

जूनपासून पावसाळ्यात मासेमारी बंद. मे अखेरीस सगळ्याच होड्या एकदम वर ओढायच्या असतात, तेव्हा क्रेन आणि किनाऱ्यावरची जागा दोन्ही आधीच धरून ठेवा, आणि पावतीवर तारखा लिहून घ्या.