धागा न कापता इंट्राकॅथ: माझा होलिस्टिक नर्सिंगचा कोर्स

महाराष्ट्रात नर्सिंगची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते आणि त्यासाठी सीएनईचे (नर्सिंगच्या निरंतर शिक्षणाचे) पॉइंट जमवावे लागतात. आमच्यात बहुतेकजणी हे काम शेवटच्या वर्षावर ढकलतात. मग ग्रुपवर सुरू होतं, ‘धुळ्याला वर्कशॉप आहे का गं? जळगावला आहे का? जेवण नसलं तरी चालेल, पॉइंट पाहिजेत.’ मी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा-तळोदा पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आहे. यावेळी म्हटलं, पॉइंट जमवायचेच तर वॉर्डात उपयोगी पडेल असं काहीतरी शिकू. आणि होलिस्टिक, इंटिग्रेटिव्ह नर्सिंगच्या मागे लागले, म्हणजे नुसता आजार न बघता अख्खा माणूस बघायचा आणि नेहमीच्या उपचारांना इतर उपायांची जोड द्यायची.

हाच विषय का, तर आमच्याकडचा पेशंट आमच्यापाशी पोचतो तेव्हा आधी दोन-तीन दारं फिरून आलेला असतो. घरचं झालेलं असतं, भगताचं झालेलं असतं, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या झालेल्या असतात. आणि यातलं एक अक्षर केसपेपरवर नसतं. आम्ही विचारतो, ‘आधी काही औषध घेतलं?’ उत्तर येतं, ‘नाही.’ पोटावर डाम (तापवलेल्या लोखंडाचा चटका) दिलेलं बाळ समोर दिसत असतं, तरी उत्तर ‘नाही’.

कोर्स शोधायला बसले आणि चक्रावले. ‘दोन तासांत होलिस्टिक नर्स व्हा’ इथपासून ते व्हिडिओ कॉलवर ऊर्जा पाठवून शिकवणाऱ्यांपर्यंत सगळा बाजार होता. शेवटी मी सगळ्यांना फोनवर एकच गोष्ट आधी विचारू लागले: राज्याच्या नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का, आणि मान्यतेचं पत्र आधी पाठवाल का? निम्मे तिथेच गळले. सर्टिफिकेटवर कितीही सोनेरी शिक्के असले तरी परिषदेने मान्य न केलेल्या कार्यक्रमाचे पॉइंट धरत नाहीत. अमेरिकेतल्या कोर्सना ‘कॉन्टॅक्ट अवर्स’ असतात, ते तिथल्या नर्सनाच उपयोगी. अमेरिकन होलिस्टिक नर्सेस असोसिएशन १९८१ पासून आहे आणि तिथे होलिस्टिक नर्सचं बोर्ड सर्टिफिकेशनही मिळतं, पण ती परीक्षा द्यायला तिथली आरएन (रजिस्टर्ड नर्स) नोंदणी लागते. इथे बसून त्याची फी भरू नका.

मग मी दोन वाटा धरल्या. पॉइंटसाठी एका नर्सिंग कॉलेजमधलं मान्यताप्राप्त वर्कशॉप, समोरासमोर. आणि शिकण्यासाठी ऑनलाइन कोर्स, ज्याचा एकही पॉइंट मिळणार नव्हता. मिनेसोटा विद्यापीठाचे या विषयावरचे कोर्स कोर्सेरावर आहेत, ज्यांचं इंग्रजी बरं आहे त्यांनी बघावेत. मी घेतलेला वेगळा होता, त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याला थोडी नावं ठेवणार आहे.

परवानगीचा अर्ज घेऊन अधिसेविका (मेट्रन) मॅडमकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘यात रेकी-बिकी आहे का? वॉर्डात हात फिरवत बसशील?’ मी म्हटलं, ‘मॅडम, असेल तर मी ते धडे वगळते.’ सही मिळाली, पण अट घातली: डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय पेशंटवर काहीही नवीन करायचं नाही, आणि जे केलं ते नोट्समध्ये लिहायचं. तेव्हा मला ही अट जाचक वाटली होती. आता नवीन मुलींना मी हीच अट सांगते.

अभ्यास नाईटनंतर दुपारी व्हायचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर, कूलरचा आवाज, आणि त्यात अमेरिकन बाईंचं इंग्रजी. सबटायटल लावून, थांबवून थांबवून ऐकलं. सुरुवातीचे धडे ओळखीचेच निघाले. नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्ये लिहून ठेवलंय की हवा, उजेड, स्वच्छता, शांतता हे सगळं शुश्रूषेतच येतं. जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षी आम्ही ते पाठ करून पेपरात लिहिलं आणि विसरलो. आमच्या वॉर्डात रात्री दोनला ट्यूबलाइट सगळ्या चालू, नातेवाइकांचे मोबाइल फुल आवाजात, आणि ट्रॉलीचं एक चाक असं किंचाळायचं की झोपलेला पेशंट दचकून उठायचा. कोर्समधून वॉर्डात आलेली पहिली सुधारणा म्हणजे त्या चाकाला तेल. त्यासाठी कोणाच्या ऑर्डरची गरज पडली नाही.

मग आले थेरपीचे धडे. इथे मला हा कोर्स खटकला. स्नायू आळीपाळीने ताणून सैल सोडण्याची पद्धत, दीर्घ श्वास, संगीत, ॲक्युप्रेशर, अरोमाथेरपी, थेरप्युटिक टच, सगळं एकाच ताटात वाढलेलं. कशामागे किती पुरावा आहे, चकार शब्द नाही. थेरप्युटिक टच म्हणजे पेशंटच्या अंगाला हात न लावता काही इंचांवरून फिरवायचा आणि त्याचं ऊर्जाक्षेत्र सारखं करायचं. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका नर्सिंगच्या प्राध्यापिकेने, डोलोरेस क्रीगर यांनी, ते पुढे आणलं. कोर्समध्ये लिहिलं नव्हतं ते मी शोधून वाचलं. एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी एक साधा पडदा उभा केला, पडद्यातून थेरपिस्टना दोन्ही हात बाहेर काढायला लावले आणि विचारलं, माझा हात तुमच्या कोणत्या हातावर आहे? २१ जणांची उत्तरं ४४ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. १९९८ मध्ये हे जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मॅडमची अट किती शहाणपणाची होती ते मला त्या दिवशी कळलं.

याउलट मनगटावरचा ॲक्युप्रेशरचा पी-६ बिंदू. मनगटाच्या घडीपासून पेशंटच्याच तीन बोटांच्या अंतरावर, दोन स्नायुबंधांच्या (टेंडनच्या) मध्ये. ऑपरेशननंतरच्या मळमळ-उलटीसाठी तिथे दाब दिल्याने फायदा होतो, असं कोक्रेनच्या (वैद्यकीय संशोधन तपासून आढावे काढणाऱ्या संस्थेच्या) २०१५ च्या आढाव्यात आहे. सर्जनना दाखवलं, ते म्हणाले, ‘इंजेक्शन बंद करू नका, सोबत करा.’ सिझेरियनच्या बायकांना आम्ही तो दाखवतो. काहींना बरं वाटतं, काहींना नाही, दोन्ही लिहून ठेवतो.

अरोमाथेरपी मी वॉर्डात आणलीच नाही. नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्यांवर (मिरची वाळवण्याच्या मैदानांवर) काम करणारे खोकत, धापा टाकत आमच्याकडे येतात. त्यांच्या नाकाशी लॅव्हेंडरचा धूर सोडायचा? गंमत म्हणजे त्याच कोर्समध्ये मिरचीतल्या कॅप्सेसिनचा धडा होता, मज्जातंतूंच्या दुखण्यावर त्याचं मलम आणि पट्टी वापरतात म्हणून. मिरच्यांचे ढीग बघत मोठी झाले, आणि हे शिकले अमेरिकेकडून.

कोर्समधला सगळ्यात कामाचा धडा सगळ्यात लहान होता. पेशंटला घरगुती आणि इतर उपचारांबद्दल कसं विचारायचं. ‘काही घेतलं का?’ असं विचारायचंच नाही. ‘काय काय करून बघितलं? कशाने बरं वाटलं?’ असं विचारायचं, आणि उत्तर ऐकताना चेहरा बदलायचा नाही. हे दुसरं फार अवघड आहे.

गृहपाठ म्हणून घरातल्याच कोणाची तरी अशी हिस्ट्री घ्यायची होती. सासूबाई समोरच होत्या. बीपीची गोळी, सोबत लघवीची गोळी, तरी बीपी हलत नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं की कानबाईची (आमच्या खानदेशातल्या देवीची) गाणी आणि भजनं म्हणून घसा बसतो म्हणून त्या दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरतात. ज्येष्ठमधाने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, लघवीच्या गोळीने आणखी उतरतं. डॉक्टरांना सांगितलं, रक्त तपासलं, पोटॅशियम कमीच निघालं. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, ते औषध थोडंच आहे!’ वॉर्डातसुद्धा हेच होत असतं. आम्ही औषधाचं विचारतो, आणि ज्येष्ठमध, कारल्याचा रस, मेथ्यांचं पाणी यांना लोक औषध म्हणतच नाहीत. शुगरच्या गोळीवर रोज सकाळी पेलाभर कारल्याचा रस पिणारा माणूस शुगर उतरून घामाघूम होऊन येतो तेव्हा त्याचं म्हणणं असतं, मी तर काहीच घेतलं नाही.

वॉर्डात पहिल्यांदा अहिराणीत विचारलं तो दिवस लक्षात आहे. तान्हं बाळ झटके येऊन आलेलं. आजीला बाजूला बसवून विचारलं, ‘घरमा काय काय दिधं व्हतं माय?’ आधी गप्प. मग म्हणाली, ‘तुम्ही बोलतस, मंग कसाले सांगानं?’ बोलणार नाही असं दोनदा सांगितल्यावर निघालं, सर्दी होती म्हणून कापूर तेलात घालून छातीला, नाकाला चोळलेला, थोडा जिभेलाही लावलेला. कापराने लहान बाळांना झटके येऊ शकतात. डॉक्टरांना लगेच सांगता आलं. आजीला कोणी ओरडलं नाही. डिस्चार्जच्या वेळी तिलाच समजावून सांगितलं आणि वस्तीत सांगायचं काम तिच्यावरच सोपवलं. ती ते आमच्यापेक्षा चांगलं करेल.

शेवटी केस स्टडी लिहायची होती. मी धडगावकडचा एक मुलगा निवडला, पंधरा-सोळा वर्षांचा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एसएस पॅटर्न, म्हणजे दोष आई आणि बाप दोघांकडून आलेला. आईबाप गुजरातेत ऊसतोडीला गेलेले, हाही सोबत. उन्हात काम, पाणी कमी, आणि मांड्या-पाठीत असह्य कळा सुरू. त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून वर भगताने बांधलेला काळा धागा, नेमकी शीर चांगली तिथेच. पूर्वी अशा वेळी कात्री चालायची. धागा कापला की आई रडायची, मुलगा हात ओढून घ्यायचा, आणि पुढचे दोन दिवस ते लोक आमच्याशी बोलायचे नाहीत. यावेळी आमच्या वॉर्डातल्या, पावरा या आदिवासी समाजाच्या कक्षसेवक मामांकरवी आईला विचारलं, धागा डाव्या हाताला चालेल का? तिने विचार केला आणि मग स्वतःच सोडून डाव्या दंडाला बांधला. मुलाने उजवा हात पुढे केला. इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी, एका झटक्यात लागली.

बाकी उपचार डॉक्टरांचे: सलाईन, वेदनाशामक, हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं नेहमीचं औषध) चालू ठेवणं. मी त्यात जोडलं ते एवढंच. शेकायला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी (सिकलसेलला बर्फ नको, थंडीने कळा वाढतात). श्वास सोडताना लांबवायचा, हे शिकवलं. आणि स्पायरोमीटरचे (फुप्फुसांच्या व्यायामाच्या उपकरणाचे) गोळे श्वास आत घेऊन वर ओढायचे, जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा. छाती-पाठीत कळा असणाऱ्या सिकलसेलच्या पेशंटमध्ये याने फुप्फुसातली गुंतागुंत कमी होते, असा १९९५ चा अभ्यास आहे. मुलाने मामांशी पैज लावून गोळे वर ओढले. दुखण्याचा आकडा (दहापैकी किती दुखतंय) मी दर वेळी आधी आणि नंतर विचारून लिहिला. श्वासाने आकडा थोडाच उतरायचा आणि इंजेक्शनने जास्त, हेही तसंच लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी शेरा दिला की केस फार ‘मेडिकल’ वाटते. वाटू दे. कळांनी तळमळणाऱ्या मुलाचं वेदनाशामक मागे ठेवून कोणी त्याला श्वास मोजायला लावत असेल, तर ती शुश्रूषा नव्हे.

परीक्षा सोपी होती, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कागदपत्रांचं मात्र सांगते. वर्कशॉपच्या नोंदणीत नाव अगदी तसंच टाका, जसं परिषदेच्या रजिस्टरला आहे. लग्नाआधी नोंदणी झाली असेल तर माहेरचं. माझ्या एका मैत्रिणीने सर्टिफिकेट सासरच्या नावाने घेतलं आणि लग्नाचा दाखला, गॅझेट, प्रतिज्ञापत्र या फेऱ्यांत तिचं नूतनीकरण अडकून बसलं. हजेरीची सही दोन्ही सत्रांना करा. सर्टिफिकेटवर पॉइंट आणि मान्यता क्रमांक छापलाय का, हे हॉलमधून बाहेर पडण्याआधी बघा. आयोजक नंतर फोन उचलतीलच असं नाही.

आता आमच्या नर्सिंग असेसमेंटच्या कागदावर एक ओळ वाढली आहे, ‘घरी काय काय केलं’. परिसेविका (वॉर्डच्या इन्चार्ज) बाईंना ती फारशी पटलेली नाही. त्यांचं म्हणणं, नाईटला दोन सिस्टर आणि पेशंट कॉटवर मावत नाहीत, त्यात ही चौकशी कोण करणार? त्यांचं चुकत नाही. गर्दीच्या रात्री ती ओळ कोरीच राहते, माझ्या ड्युटीलासुद्धा. आम्ही तोडगा काढलाय की ॲडमिशनला जमलं नाही तर सकाळी स्पंजिंगच्या (अंग पुसण्याच्या) वेळी विचारायचं. तेव्हा बायका तशाही बोलत्या होतात.

पुढचा विचार पॅलिएटिव्ह केअरचा आहे, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचा. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स डॉक्टर आणि नर्स दोघांनाही करता येतो. ती शाखा उभी करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर, हे मला या कोर्सच्या एका तळटिपेत सापडलं. आमच्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट शेवटी घरी पाठवले जातात, आणि घरी त्यांचं काय होतं ते आशाताईंकडून कळतं. अर्ज लिहून तयार आहे. मॅडम यावेळी काय अट घालतात ते बघायचं.