जव्हारच्या आश्रमशाळेत आठ इंटर्न्ससोबत दोन दिवस

नाशिकहून पहाटे साडेपाचला निघालो. त्र्यंबकेश्वर, मोखाडा करत जव्हार साधारण 80 किलोमीटर. घाटातली वळणं आणि पावसाने उखडलेला रस्ता धरून तीन तास हाताशी ठेवा. काम होतं मुलांचे दात तपासण्याचं. सोबत आठ इंटर्न होते, बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, चार वर्षं संपवून पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीच्या (सार्वजनिक दंतआरोग्याच्या) पोस्टिंगला आलेले. आश्रमशाळेसाठी जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची परवानगी महिनाभर आधी मागा. पालकांचं संमतिपत्रही आधीच पाठवा. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, मग सही कुणाची घेणार? आम्ही म्हणूनच सप्टेंबर धरला.

या शाळेत मागच्या वर्षीही आलो होतो. तेव्हा भाषण दिलं, ब्रश-पेस्ट वाटली, फोटो काढले. चार महिन्यांनी कामानिमित्त डोकावले, तर बऱ्याच मुलांच्या पत्र्याच्या पेटीत ब्रश वेष्टनासकट पडून होता. अधीक्षिकाताईंनी कारण सांगितलं: सकाळी नळ थोडे, रांग मोठी, आणि ओला ब्रश ठेवायला जागाच नाही. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. दात घासायची पद्धत आम्ही शिकवली होती, घासायची जागा मात्र पाहिलीच नव्हती. म्हणून यंदा इंटर्न्सना पहिलं काम दिलं ते मोरीवर जाऊन उभं राहण्याचं. त्यांनीच ठरवलं की रात्रीच्या जेवणानंतर, गर्दी नसताना, वर्गवार घासायचं. भोकं पाडलेली लाकडी फळी भिंतीला ठोकली आणि प्रत्येक भोकाखाली मुलाचा हजेरी क्रमांक लिहिला.

तपासणीसाठी खिडकीजवळ बाक लावा. मूल आडवं, डोकं उजेडाकडे, तपासणारा डोक्यामागे बसलेला. वीज जाते, त्यामुळे हेडलाइट हवाच. आम्ही प्रत्येक दिवसासाठी आरसे-प्रोबचे (प्रोब म्हणजे दात चाचपायची बारीक सळई) 60 निर्जंतुक संच नेले होते आणि दिवसाला तेवढीच मुलं पाहिली. संच संपले की थांबायचं, तिथे उकळून पुन्हा वापरायचे नाहीत. लिहिणारा वेगळा ठेवा. पक्क्या दाताला आकडा, दुधाच्या दाताला अक्षर, ही पद्धत आदल्या रात्री घोकून घ्या. दर दहा-पंधरा मुलांमागे एकाला दुसऱ्या इंटर्नकडून पुन्हा तपासून घ्या. नोंदी जुळल्या नाहीत तर तिथल्या तिथे बोला.

कॉलेजात पेशंट दुखतंय म्हणून येतो. इथे बाकावरचं मूल विचारलं की मान हलवून 'नाही' म्हणतं. तिसरीतल्या एका मुलाने तसंच केलं. पण त्याच्या उजव्या बाजूच्या दातांवर जाड थर होता आणि डावी बाजू स्वच्छ. माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "भाकरी कोणत्या बाजूनं चावतोस रे?" त्याने डाव्या गालावर बोट ठेवलं. उजवीकडे खालच्या दाढेला खोल कीड निघाली. ती सहा वर्षांची दाढ होती, म्हणजे पक्की. दुधाचा एकही दात न पडता ही सगळ्यांत मागे उगवते, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात आणि 'पडेल आपोआप' म्हणून सोडून देतात. आईबाप, शिक्षक, स्वयंपाकी मावशी, सगळ्यांना बोटाने दाखवून सांगण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर ही निवडा.

जिथे कीड दाताच्या मगजापर्यंत, म्हणजे आतल्या नसेपर्यंत गेली नव्हती, तिथे एआरटी (अ‍ॅट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट) केलं: हाताने चालवायच्या चमच्यासारख्या बारीक अवजाराने मऊ कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट बोटाने दाबून भरायचं. ड्रिल नको, वीज नको. ही पद्धत 1980च्या दशकात टांझानियात अशाच परिस्थितीतून पुढे आली. पावडर-द्रवाचं प्रमाण मात्र काटेकोर पाळा, उन्हाने खोली तापली की सिमेंट लवकर धरतं. थुंकीने ओलं झालं तर पुन्हा करा. भरल्यावर तासभर काही खायचं नाही, म्हणून मधल्या सुट्टीच्या तोंडावर कुणाला घेऊ नका.

शाळेत दात काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पू झालेली, सुजलेली मुलं रुग्णालयातच जायला हवीत. मागच्या वर्षी आम्ही मुलांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या आणि एकही मूल रुग्णालयात पोहोचलं नाही. मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला यंदा दुसऱ्या दिवशी शाळेतच बोलावलं. जव्हारच्या उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सक कोणत्या वारी भेटतील हे फोनवर विचारून घेतलं आणि मुलांसोबत कोण जाणार ते नावानिशी लिहून ठेवलं.

रुग्णालयात पाठवायच्या अकरा मुलांच्या यादीची एक प्रत अधीक्षिकाताईंकडे, एक पथकाकडे, तिसरी माझ्या पिशवीत आहे. जानेवारीत त्यातल्या किती नावांपुढे खूण झाली ते पाहायला हेच आठ जण परत जाणार आहेत. तेव्हा मोरीवरची फळीही बघायची आहे.