भीमबेटका : दोन फेऱ्या पुरत नाहीत असा डोंगर

भीमबेटका म्हणजे मध्य प्रदेशात भोपाळजवळचा, प्राचीन चित्रांच्या कपारींचा डोंगर. तिथे जायला पुण्याहून संध्याकाळी सुटणारी झेलम एक्सप्रेस मुद्दाम निवडली. इटारसीनंतर नर्मदा ओलांडली की गाडी बुधनीच्या घाटातून वर चढते. मग बरखेडा ते औबेदुल्लागंज या टप्प्यात, उजाडता उजाडता, विंध्याचे उभे कातळ दिसू लागतात. 1957 साली पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांनी आगगाडीच्या खिडकीतून हेच कातळ पाहिले. स्पेन-फ्रान्समधल्या चित्रगुहांच्या डोंगरांसारखी ठेवण त्यांना जाणवली आणि ते तिथे जाऊन थडकले. नीमचला जन्मलेला आणि उज्जैनला रमलेला हा मराठी माणूस मुळात चित्रकार. माझे बाबा तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होते, म्हणून त्यांना सोबत घेतलं. त्यांनी पहाटेच हलवून उठवलं, "ऊठ, वाकणकरांची खिडकी आली."

भोपाळहून भीमबेटका साधारण 45 किलोमीटर. आम्ही स्टेशनवरून हॉटेल, आंघोळ, जेवण आणि मग टॅक्सी असं केलं आणि तिथेच चुकलो. दुपारी पोचलो तेव्हा बाहेर रखरखीत ऊन आणि कपारीत गडद सावली. डोळे जुळेपर्यंत सहलीची एखादी तुकडी येऊन गोंगाट करून जायची. बाबा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून पुन्हा गेलो आणि तेव्हा कुठे डोंगर आमच्याशी बोलला. तुम्ही पहिल्यांदाच सकाळी जा. सूर्योदयापासून प्रवेश असतो. सकाळचा तिरपा उजेड, थंड दगड आणि फक्त पाखरांचा आवाज.

हायवेवरच्या फाट्यापासून वर जायला तीनेक किलोमीटर आहेत. बसने औबेदुल्लागंजला उतरून रिक्षा करता येते, पण परतीचं आधीच ठरवून घ्या. वर पाणीही जवळचंच धरा. खाणं फाट्यावर उरकलेलं बरं, कारण वर माकडं आहेत आणि पिशवीची चेन त्यांना उघडता येते.

या परिसरात सातशेच्या वर शैलाश्रय, म्हणजे कातळाच्या आडोशाच्या कपारी, आहेत. लोकांसाठी खुले आहेत ते पंधराच्या आसपास, आणि त्यांना जोडणारी पायवाट सोपी आहे. सत्तरीतल्या बाबांना कुठेच त्रास झाला नाही. पण खरं सांगते, पंधरा आकडे पुरे करायला जाऊ नका. पाच-सहा नीट बघा.

आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो 'झू रॉक' या प्राण्यांच्या चित्रांनी भरलेल्या कातळापाशी. लांबून लाल-पांढऱ्या डागांचा गोंधळ वाटतो. बाबांनी मला खाली बसवलं आणि म्हणाले, "आधी फक्त पांढरं बघ. मग फक्त लाल." खरंच, पांढऱ्या हत्तीच्या पोटातून एक जुनं लाल हरीण बाहेर येऊ लागलं. त्याची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत एका झटक्यात ओढलेली, कुठे हात थांबल्याची खूण नाही. "ही रेष सराव केलेल्या हाताची आहे," बाबा म्हणाले. जुनं पुसून नवं काढलेलं नाही, जुन्यावरच नवं चढवलंय. इथे शिकाऱ्यांची मध्याश्मयुगीन चित्रं आहेत, साधारण दहा हजार वर्षांच्या आसपासची, आणि त्याच डोंगरावर थोडं पुढे तलवारी घेतलेले घोडेस्वारही आहेत, अर्थात ऐतिहासिक काळातले. 'हे इतक्या वर्षांचं' असं एकच उत्तर कुणी देऊ लागला तर त्यावर विसंबू नका.

माणूस इथे चित्रांच्याही फार आधीपासून राहत होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी 1970च्या दशकात 'थ्री एफ 23' या आश्रयात उत्खनन केलं, तेव्हा पुराश्मयुगातल्या हातकुऱ्हाडींपासून मध्याश्मयुगातल्या बारीक हत्यारांपर्यंत थरावर थर निघाले. रंगासाठी घासलेले गेरूचे खडेही भीमबेटक्याच्या उत्खननांत सापडले. येरवड्याच्या त्या कॉलेजवरून बाबा वर्षानुवर्षं सायकलने गेले होते. ते त्या आश्रयासमोर बराच वेळ उभे राहिले.

'ऑडिटोरियम' नावाच्या भव्य कपारीत आवाज खाली ठेवा, परफ्यूम लावून जाऊ नका. वर आग्या मोहोळं असतात. याच छतावरची एक नक्षी 55 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचं जीवाश्म असल्याचं 2021 मध्ये जाहीर झालं होतं. दोन वर्षांनी पुन्हा नीट तपासल्यावर ती जुन्या पोळ्याची खूण निघाली! मला यात कुणाची फजिती दिसत नाही. तपासून मागे घेता येतं, याचंच कौतुक वाटतं. स्पेनच्या अल्तामिराची चित्रं 1879 मध्ये सापडली, तेव्हा आदिमानव असं काढूच शकत नाही म्हणून विद्वानांनी ती वीसेक वर्षं खोटी ठरवली होती. आणि आपल्याकडे मिर्झापूरच्या टेकड्यांत आर्चिबाल्ड कार्लाइलला त्याआधीच, 1867-68 मध्ये, चित्रं दिसली होती, हे शाळेत कुणी सांगत नाही.

वाटेच्या शेवटाकडचा रानडुकराचा आश्रय चुकवू नका. शिंगं असलेला प्रचंड लाल प्राणी, आणि पुढे जीव घेऊन पळणारा चिमुकला माणूस.

चित्रांना हात लावू नका. रंग उठून दिसावा म्हणून पाणी मारायची जुनी खोड आहे, कुणी करताना दिसला तर तिथल्या तिथे अडवा. छोटी दुर्बीण मात्र न्या, उंचावरच्या आकृत्या तिच्याशिवाय कळत नाहीत. ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. परतताना भोजपूरचं अपुरं राहिलेलं शिवमंदिर बघून होतं. अर्धा दिवस उरला तर भोपाळच्या श्यामला हिल्सवरचं मानव संग्रहालय बघा, सोमवार सोडून. त्याच्या आवारातही चित्रं असलेले शैलाश्रय आहेत आणि तिथे गर्दी जवळजवळ नसते.

बाबांनी सोबत नेलेली वही दुसऱ्या सकाळी उघडली. त्या लाल हरणाची पाठ त्यांनी अकरा वेळा ओढून पाहिली. अकरावीखाली तारीख घातली आणि म्हणाले, "मानेपाशी अजून अडतोय. डिसेंबरात परत येऊ."