तुम्ही विचारलंत म्हणून: पाडव्याचा संकल्प आणि माझा नेम

पाडवा जवळ आला की मला हमखास एक प्रश्न येतो, भिशीत, जिन्यात, फोनवर पण, की तू दर वर्षी काहीतरी नेम धरतेस आणि तो टिकतो, आमचे तर 10 जानेवारीच्या पुढे जात नाहीत, तू नक्की करतेस काय? दर वेळी घाईत अर्धवट सांगते, म्हणून आज नीट लिहिते.

मी पण आधी तेच करायचे. पहाटे उठणार, ध्यान करणार, चिडणार नाही, मोबाईल कमी, सगळं एकदम. चार-पाच दिवस जमायचं, मग पाहुणे नाहीतर कोणाचा तरी ताप, आणि एकदा मोडलं की आता काय राहिलंय म्हणून सगळंच सोडून द्यायचे.

बदल झाला तो बाबांमुळे. माझं माहेर नाशिकला, पंचवटीत. पाडव्याला बाबा पाटावर बसायचे, समोर तामण, उजव्या तळहातावर अक्षता आणि पळीभर पाणी, आणि संकल्प सांगायचे. लहानपणी वाटायचं हे एवढं लांबलचक कशाला, गाठी कधी मिळणार. पण नीट ऐकलं तर त्यात काही मागायच्या आधी आपण कुठे आणि कधी बसलोय ते सांगतात, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः उत्तरे तीरे, शालिवाहन शके अमुक, अमुक नाम संवत्सरे, मग ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. लग्न होऊन पुण्याला आले आणि पहिल्याच पाडव्याला सवयीने मी 'उत्तरे तीरे' म्हणून गेले. फोनवर बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, तू आता दक्षिण तीरावर आलीस. जिथे बसलीयेस तिथलाच पत्ता सांगायचा."

पत्ता झाला की येतं यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः, म्हणजे मला जेवढं येतं तेवढ्यावर आणि घरात जे मिळालं त्या साहित्यावर. हे मला फार आवडतं, कारण परफेक्ट तयारी झाल्यावर बघू असं तिथे कुणी म्हणतच नाही. आणि शेवटी करिष्ये. दुसऱ्यासाठी करणारे गुरुजी करिष्यामि म्हणतात, स्वतःसाठी करणाऱ्याने मात्र करिष्ये म्हणायचं, फळ करणाऱ्यालाच मिळणार असेल तर संस्कृतात क्रियापदाचं रूपच बदलतं. मग हातातलं पाणी तामणात सोडायचं. आपण म्हणतो ना, अमुक गोष्टीवर पाणी सोडलं, तर मी नेम धरताना आधी हेच ठरवते, की यंदा मी कशावर पाणी सोडणार.

आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, तीन वर्षांपूर्वी विसरायला व्हायला लागलं. दिवसातून दहा-बारा वेळा एकच प्रश्न, दूध आलं का गं? एकदा ऑफिसचा कॉल चालू होता आणि त्या पाचव्यांदा आल्या, मी ओरडले, आत्ताच सांगितलं ना! त्या काही बोलल्या नाहीत. कॉल संपवून बाहेर आले तर दाराशी उभ्या, हातात दुधाचं पातेलं, धुऊन पदराने कोरडं केलेलं, वर झाकण सुद्धा ठेवलेलं. मला अजून ते पातेलं दिसतं.

पुढच्या पाडव्याला मी त्या तीन शब्दांवर पाणी सोडलं. आत्ताच सांगितलं ना. प्रश्न कितीदा का येईना, पहिल्यांदाच आल्यासारखं उत्तर द्यायचं, आणि मुदत फक्त पाडवा ते रामनवमी. वर्षभराचं बोललेच नाही. चौथ्या दिवशी मोडलं. संध्याकाळी दिवा लावताना आठवलं की आपल्या पूजेच्या शेवटी मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं म्हणतात, म्हणजे चुकणार हे धरूनच पूजा रचलीये आणि चुकलं तरी ती पूर्ण मानून घे अशी विनंती पण त्यातच आहे. मग मी पुन्हा एकपासून मोजलं नाही, दुसरा दिवस पाचवाच धरला. रामनवमी झाल्यावर अक्षय तृतीयेपर्यंत वाढवलं, नंतर आषाढी ते कार्तिकी अख्खा चातुर्मास. लोक कांदा-लसूण-वांगी सोडतात, मी ते तीन शब्द सोडले. कार्तिकीनंतर उद्यापन म्हणून पुरणपोळी केली, आईंना काही सांगितलं नाही, त्यांनी दोन खाल्ल्या.

1 जानेवारीला करू का असंही विचारता, करा की, पत्ता तेव्हाचा सांगा. आणि यंदा 19 मार्चच्या पाडव्याला शके 1948 लागतंय, त्या संवत्सराचं नाव पराभव, त्यामुळे या वर्षी संकल्प करावा का असं दोघींनी घाबरून विचारलं. अहो, नावं 60 आहेत, आळीपाळीने येतात, 60 वर्षांनी हेच नाव परत येणार. नक्की करा.

यंदाचा माझा नेम पण नऊ दिवसांचाच. रात्री मोबाईल स्वयंपाकघरात ठेवायचा आणि आईंच्या तळपायांना कोमट खोबरेल लावताना दुसरं काही करायचं नाही, मनात उद्याची यादी सुद्धा नाही, यंदा त्या यादीवर पाणी. काल जरा करून बघितलं. डावा पाय झाला, उजवा हातात घेतला, तेवढ्यात त्यांनी विचारलं, दूध आलं का गं?

आलं आई. तापवून पण ठेवलंय.