झोळी

मंगळवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की ह्याला सांगायची पण लाज वाटतेय. तो घोरतोय, मी लिहितेय.

दुपारी जाऊबाईंनी ग्रुपवर कंबोडियाचा तोच फोटो परत टाकला. अंगकोर वाटजवळच्या सिएम रीप गावातला, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचा. मी, हा, आणि मध्ये आमचा टुकटुकवाला. खाली वन्संची कमेंट, 'किती मोठं मन गं तुझं, ड्रायव्हरला शेजारी बसवून जेवू घातलंस', आणि त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात. महिन्यापूर्वी हा फोटो मीच कौतुकाने टाकला होता. आज सहज दोन बोटांनी मोठा केला आणि त्याचे डोळे बघितले. माणूस पेंगतोय हो! समोर केळीच्या पानातलं माशाचं आमोक, हातात चमचा, चेहऱ्यावर हसू आणि डोळे अर्धे मिटलेले.

मिटणारच. सूर्योदय बघायचा म्हणून त्याला पहाटे साडेचारला हॉटेलखाली बोलावलेलं, म्हणजे घरून तो कधी निघाला असेल देव जाणे. अंगकोर वाटचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्य देवळाच्या मागून वर येतो आणि पुढच्या तळ्यात शिखरं उलटी दिसतात, त्यासाठी सगळी दुनिया अंधारात चिखल तुडवत उभी असते, आम्हीही होतो. मग ती समुद्रमंथनाची भिंत, जवळजवळ पन्नास मीटर नुसतं कोरीवकाम, देव एकीकडे असुर एकीकडे मध्ये विष्णू, तिथे मी तासभर रेंगाळले, परक्या गावात माहेरचं कोणी भेटावं तसं झालं. मग बायोन देवळाचे ते दगडी हसरे चेहरे. मग ता प्रोमचं देऊळ, तिथे तर आपल्या पुरातत्त्व खात्याने काम केलंय, बोर्ड वाचून ऊर भरून आला. आणि हे सगळं होईपर्यंत तो बाहेर.

तिथलं टुकटुक म्हणजे मोटरसायकलच्या मागे जोडलेली छपराची गाडी. दुपारी हे लोक झाडाखाली गाड्या लावतात आणि गाडीच्या आतच ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत झोळी बांधून झोपतात. ओळीने गाड्या, प्रत्येकीत एक झोळी, प्रत्येकीतून दोन पाय बाहेर. मला इतकी गंमत वाटली, लहानपणी साडीच्या झोळीत भावाला झोका द्यायचे ते आठवलं. आणि मग आमच्याच झोळीपाशी जाऊन मी म्हटलं, चला, जेवायला चला.

तो उठून बसला, हात जोडले, म्हणाला, 'आय ईट ऑलरेडी, मॅडम.'

आता आपल्याकडे 'जेवून आलोय' हे कोण खरं मानतं? आमच्याकडे पाहुणा तीनदा नको म्हणायचा तेव्हा कुठे जेवणाला सुरुवात व्हायची. ताटावर आडवा हात धरला तरी आई बोटांच्या फटीतून आमटी सोडायची. नको म्हणणं ही रीत आणि वाढणं ही पण रीत. म्हणून मी म्हटलं, नो नो, यू कम. तो नको म्हणाला. मी परत म्हटलं. हा मागून म्हणत होता, अगं राहू दे त्याला, तर ह्याच्यावरच डाफरले. चौथ्यांदा तो उतरला, झोळी सोडली, नीट चौकोनी घडी केली, सीटखाली ठेवली. ती घडी मी बघितली होती. तेव्हाच बघितली होती, हेच आता डोक्यातून जात नाहीये.

त्याने काही मागवलं नाही, मीच मागवलं. दहा मिनिटांत त्याने ताट संपवलं आणि पुढे पाऊण तास आमचं होईपर्यंत बसून राहिला, मी विचारत राहिले, मुलं किती, घर कुठे, सीझन नसतो तेव्हा काय करता. मुलीबद्दल विचारलं तेव्हा तो जे म्हणाला ते... जाऊ दे. मग फोटो काढला. मग दुपारच्या उन्हात त्याने आम्हाला पुढच्या देवळाला नेलं.

आणि तिसऱ्या दिवशी बांते स्रायला, गुलाबी दगडाचं ते छोटंसं देऊळ, पार लांब आहे, बघून बाहेर आलो तर गाड्यांच्या ओळीत आमची गाडीच नाही. पंधरा मिनिटं उन्हात शोधली. सापडली तर पार मागे, टॉयलेटच्याही पलीकडे, एका मोठ्या झाडाआड, रस्त्याकडे पाठ करून. आत झोळी. झोळीत तो.

हा म्हणाला, तिकडे सावली चांगली असेल.

असेल. तेव्हा मलाही तेच वाटलं. पण आज फोटो बघितल्यापासून वाटतंय की तो माझ्यापासून लपला होता. मी जेवायला बोलावेन ह्या भीतीने लपला होता. आयुष्यात मला बरंच काय काय म्हटलंय लोकांनी, पण माझ्या जेवणाला घाबरून कोणी झाडामागे गेलं नव्हतं!

माझंच नशीब असं. पेनांचंही तसंच. पन्नास पेनं आणि पार्ले-जीचे पुडे नेले होते बॅगेत, तिथल्या पोरांना द्यायला, हा ओरडत होता वजन होईल म्हणून. पहिल्याच दिवशी देवळाबाहेर पोस्टकार्डं विकणारी पोरं भोवती जमली, 'वन डॉलर, वन डॉलर', मी चेन उघडली तर ह्यानेच, म्हणजे टुकटुकवाल्याने, हळूच थांबवलं. 'मॅडम, नो. यू गिव्ह, दे नो गो स्कूल.' पर्यटक घेतात, देतात, म्हणून घरचे पोरांना शाळेऐवजी इथे पाठवतात, हे कळतं मला, न कळण्यासारखं काय आहे. पण सगळ्यांसमोर बॅगेची चेन परत लावताना चेहरा कसा करायचा ते मात्र कळलं नाही. पार्ले-जी शेवटी आम्हीच खाल्ला. पेनं इथे ड्रॉवरमध्ये आहेत.

चौथा दिवस तर कहर. अंगकोरला जाणाऱ्या रस्त्यावर मुलांचं ते मोठं हॉस्पिटल आहे, कांथा बोफावाल्यांचं, उपचार फुकट. आपण ६२ डॉलरचं तीन दिवसांचं तिकीट काढतो त्यातले दोन डॉलर तिथे जातात. ते काढणारे बेआट रिश्नर म्हणून स्विस डॉक्टर होते, २०१८ मध्ये गेले, ते शनिवारी संध्याकाळी पर्यटकांसाठी तिथे चेलो वाजवायचे आणि म्हणायचे, तरुणांनी रक्त द्या, म्हाताऱ्यांनी पैसे द्या, मधल्यांनी दोन्ही द्या. हॉस्पिटलला नाव सातव्या जयवर्मनचं, बाराव्या शतकातला राजा, ता प्रोमच्या शिलालेखात त्याच्या राज्यातल्या १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. हे सगळं मी ह्याला वाचून दाखवलं आणि म्हटलं चल, आपण मधले, दोन्ही देऊ.

ह्याचं घेतलं. माझं हिमोग्लोबिन १०.८ निघालं. सिस्टर गोड हसली आणि मला परत बाहेर बसवलं.

हा, ज्याने अख्ख्या ट्रिपमध्ये कोणाला साधं चॉकलेट दिलं नाही, तो पंधरा मिनिटं आडवा पडला आणि बाह्या खाली करत बाहेर आला. ह्याचा फोटो काढायचाही राहिला, तो काही बोललाही नाही, नाश्त्याला काय म्हणून विचारलं फक्त. बाहेर टुकटुकवाल्याने मला विचारलं, मॅडम गिव्ह ब्लड? मी म्हटलं नो, नॉट इनफ. तर तो चार दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसला, अगदी मान मागे टाकून, आणि म्हणाला, 'मॅडम, यू ईट मोअर!'

हे आत्ता लिहिताना मलाच हसू फुटलं, ह्याने कूस बदलली.

घ्या. आग्रह करणारीलाच आग्रह. आणि बरोबरच होतं त्याचं, चार दिवस मी कोणाला काय द्यायचं ह्याच विचारात ताटातलं गार करत होते. त्याची एक दुपारची झोप खाल्ली मी, हे खरं, पण म्हणून मी रात्री पावणेबाराला उठून रडावं इतका तो माझ्यावर रागावला असेल का? मला काही तसं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी चांगली तीन तास झोप काढली असेल त्याने त्या झाडामागे. किंवा खरंच सावलीच असेल.

निघताना ठरल्यापेक्षा वीस डॉलर जास्त दिले. त्याने नोट उजेडात धरून बघितली, तिकडे जरा फाटकी असली तर कोणी घेत नाही, मग घडी करून ठेवली. मी वाट बघत होते की आता काहीतरी भावुक बोलेल. तर त्याने खिशातून कार्ड काढलं, त्यावर त्याचं नाव, नंबर, आणि म्हणाला, मॅडम, प्लीज, त्या साइटवर दोन ओळी लिहा, पाऊस सुरू झाला की गिऱ्हाईक नसतं. अख्ख्या चार दिवसांत त्याने स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं हो हो, नक्की, शुअर, फाइव्ह स्टार.

महिना झाला.

कार्ड पर्समध्ये सापडलं, केशरी बाम आणि बोर्डिंग पासच्या मध्ये, एक कोपरा पिवळा झालाय. साडेबारा वाजलेत. साइट उघडलीये, नाव टाकलं, तो सापडला, आधीचे सात रिव्ह्यू आहेत, एका जर्मन बाईने लिहिलंय की गाडीत थंड पाणी ठेवतो. हो, ठेवतो. हे मी लिहायला हवं होतं. पण लिहायला लॉगइन मागतंय आणि पासवर्ड काही केल्या आठवत नाहीये. ओटीपी ह्याच्या फोनवर जातो. ह्याला उठवावं लागणार.